पूर्वरंगात शिजणारी डाळ

कीर्तनाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बुवा एखादं पद घेतात आणि त्याचा अर्थ उलगडून दाखवतात, तो पूर्वरंग. मग बुवांच्या गळ्यात हार पडतो, कपाळी बुक्का लागतो आणि कथा सुरू होते, तो उत्तररंग. हे मी सांगायला लागलो की घरातली मंडळी म्हणतात, माहीत आहे आम्हाला. असेल. पण पूर्वरंग संपायच्या आत तुरीची डाळ शिजली पाहिजे, हा नियम तुम्हाला ठाऊक नसणार. तो आमच्या मनकर्णाकाकूंचा.

मनकर्णाकाकू म्हणजे व्यंकटरावबुवांच्या पत्नी. बुवा चारठाण्याचे. निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे एक्कावन्नची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बेचाळीसची ही गोष्ट. त्या काळी आमच्या जिल्ह्यात बुवांच्या कीर्तनाला तोड नव्हती. चातुर्मासाचे चार महिने ते एकाच गावी मुक्काम करत आणि रोज संध्याकाळी कीर्तन करत. मुक्काम कोणत्या गावी, यावरून उन्हाळ्यातच गावागावांत ओढाताण सुरू व्हायची.

बुवांच्या तोंडात तोवर तीनच दात उरले होते, आणि त्या तिघांचीही एकमेकांशी गाठ पडत नसे. कीर्तनाआधी त्यांना मऊ भात आणि लोण्यासारखं वरण लागे, बस. आदल्या वर्षी ज्या गावी मुक्काम झाला तिथलं पाणी जड निघालं. दोन-दोन तास चुलीवर ठेवली तरी डाळीचा दाणा उभाच. बुवा तीन महिने ताकभातावर राहिले आणि दसऱ्याला त्यांचा आवाज बसला. काकूंनी सगळा दोष पाण्याला दिला. "आवाज गळ्यात नसतो रे, वरणात असतो," असं त्या मला म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

म्हणून त्या वर्षी काकूंनी दोन अटी घातल्या. पहिली, गावात नळ पाहिजे. पूर्वी एकदा विहिरीवर काकूंचा उजवा खांदा निखळला होता, दोर ओढणं त्यांना जमत नव्हतं. आणि सोवळ्याचं पाणी दुसऱ्यानं भरलेलं चालत नाही. नळ कसा, आपला आपण घागर भरतो. दुसरी अट, त्या नळाच्या पाण्यात डाळ एका पूर्वरंगाच्या वेळात शिजली पाहिजे, आणि ती काकू स्वतः शिजवून बघणार.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा नळ होते तरी किती? बुवांना बोलावणाऱ्या गावांपैकी चारच ठिकाणी: परभणी, मानवत, आमचं सेलू, आणि पूर्णेला स्टेशनावर. सेलूचा नळ म्हणजे मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या खोल विहिरीवर इंजिन बसवलेलं, वर एक टाकी आणि गावात चार तोट्या. आम्हाला त्याचा कोण अभिमान!

मी मुंजाजी. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होतो आणि संध्याकाळी कीर्तनात बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहत होतो. पोटासाठी कोणतं काम करत होतो आणि कोणतं काम माझं होतं, हे वेगळं सांगायला नको. आमच्या कीर्तन मंडळाचे पुढारी ईश्वरअप्पा, कापडाचे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि कीर्तनात बुवांनी रुक्मिणीचं स्वयंवर लावलं की सगळ्यांत आधी डोळे पुसणार ते अप्पाच. नारळ घेऊन आम्ही दोघं चारठाण्याला गेलो तेव्हा काकूंनी या अटी सांगितल्या.

अप्पांनी उगाच खडा टाकला. "काकू, नळाच्या पोटात चामड्याची चकती असती म्हणतेत. सोवळ्याला चालंल का?"

"अप्पा, बुवांच्या मागं पखवाज वाजतो तो कशानं मढवलाय? रेशमानं?"

बुवा आतून खोखो हसले. अप्पांनी कान धरला.

"आता पाणी कोण आणणार?" काकू म्हणाल्या. "ज्याच्या-त्याच्या गावानं आणलं तर खरं येणार नाही. मुंजाजी आणील. तो भोळा आहे."

भोळा! हा शब्द पुढं मला फार जड गेला.

घरी येऊन मायला सांगितलं. माय, चतुराबाई, गेल्या दिवाळीत अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड गेलं, तेव्हापासून खाटेवर. आमचं घर मारुतीच्या देवळाला लागून. तिची खाट खिडकीशी आणि खिडकीसमोर चार हातांवर देवळाचा मंडप. चाळीस वर्षं ती त्या मंडपात दुसऱ्या खांबाला टेकून कीर्तन ऐकत आली होती.

"बुवा दुसऱ्या गावी गेले तर गाडीत गादी घालून नेईन तुला," मी म्हणालो.

"अन् वाटंत माझी हाडं गोळा करशील?" माय म्हणाली. "न्हाई रे बाबा. बुवा हितं आले तर खिडकीतनं ऐकीन. न्हाई आले तर ह्या जन्मीचं ऐकून झालं म्हणायचं." एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडं केलं. मायनं तोंड फिरवलं की विषय संपला असं नसतं, तो तिथून सुरू होतो, हे मला लहानपणापासून माहीत.

दुसऱ्या आठवड्यात मी चार तांब्याच्या घागरी घेऊन निघालो. आधी पूर्णा. स्टेशनावरच्या नळाला मी घागर लावली, तर शेजारी मोठ्या सोंडेनं इंजिनात पाणी भरणं चाललं होतं. इंजिनावरचा फायरमन चुडाव्याचा आश्रुबा. कोळशानं काळा झालेला, दात तेवढे पांढरे. मी कशासाठी पाणी भरतोय ते ऐकून तो खाली उतरला.

"मंजे तुमच्या काकू पाणी पारखायल्यात? आरं, मग आमच्या इंजनाला इचारा की!" तो म्हणाला. "ह्याला बी जड पाणी चालत न्हाई. पोटात चुन्याचे थर धरतंय. पूर्णेचं पाणी नदीचं, हलकं. हे पेलं की हे कसं भजन म्हणत जातंय बघा."

"आणि सेलूचं?"

"सेलूचं?" आश्रुबानं कपाळाला हात लावला. "एकदा नाइलाजानं सेलूला भरलं होतं. आठ दिवस ड्रायव्हरसाहेब मला शिव्या द्यायलेते, अन् थर खरवडून माझे हात सोलले. का हो, तुमी कुठले?"

"सेलूचा," मी म्हणालो.

"मग पाणी गोड असंल ओ," असं म्हणून त्यानं घाईनं फावडं उचललं. गाडी सुटायची वेळ झाली होती, नाहीतर पूर्णेच्या मंडळींनी घागरीत काय काय टाकलं असतं कोण जाणे. ती एकच घागर जशी भरली तशी आली.

कारण परभणीला काय झालं ऐका. मी येणार हे कळलेलं. नळाला झेंडूचा हार घातलेला, पुढं रांगोळी. घागर भरली आणि मी टोपी सारखी करतो तोवर एकानं हातातला तुरटीचा खडा पाण्यात चांगला सात वेळा फिरवला.

"आवो, काय करायलात!" मी ओरडलो. "पाणी हाय तसं न्यायचंय!"

"बुवांच्या पोटात जायचं पाणी, गाळासकट देऊ व्हय?" तो उलट माझ्यावरच चिडला. "तुमच्या सेलूत देत असतील."

मानवतला तर उमादेवी नावाच्या एक आजीबाई नळाजवळ वाटच बघत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी घागरीत वाळ्याची जुडी सोडली आणि वर तुळशीची पानं.

"आजी, हे पाणी तपासायला न्यायचंय. नुसतं पाहिजे."

"नुसतं?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी उघडाच बसलोय. "पाहुण्याला असं नागडं पाणी देतेत का रे? कुणाचा तू? कुणी शिकवलं न्हाई का?"

मी त्यांच्या पाया पडलो आणि घागर उचलली. खरं सांगतो, त्या सगळ्यांचा मला राग आला नाही. आपल्या गावचं पाणी बुवांच्या ओठाला लागणार म्हणून ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. पण गाडीत बसल्यावर माझ्या मनात दुसराच विचार शिरला. सगळे आपापलं पाणी सजवतात, मग मीच का कोरडा राहू? आश्रुबाचे सोललेले हात डोळ्यांपुढून हलेनात.

सेलूला आलो, आमच्या नळाची घागर भरून अंगणात ठेवली. घरात पापडखाराची पुरचुंडी होती. चिमूटभर पापडखार टाकला की कसलीही डाळ विरघळते, हे कुणाला माहीत नाही? देवाचं नाव घेतलं, हो, नाव घेतलं मी, आणि चिमूटभर टाकला. मग आणखी चिमूटभर.

"काय टाकलंस रे, मुंज्या?" खिडकीतून माय.

"तुळस टाकली, माय."

मायनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी जिनिंगमध्ये गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पांनी बैलगाडी आणली. घागरी अप्पांनी स्वतः गाडीत चढवल्या, मला हात लावू दिला नाही. वाटेत त्यांचं बोलणं नेहमीपेक्षा कमी होतं. मला वाटलं, चिंता करत असतील.

चारठाण्याला बुवांच्या अंगणात काकूंनी चार चुली मांडून ठेवल्या होत्या. चार सारखी तपेली, आतून नवी कल्हई. एकाच पोत्यातली तूरडाळ, प्रत्येक तपेल्यात मोजून चार मुठी. प्रत्येक चुलीला तेवढ्याच गोवऱ्या. घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं. काकूंनी बुवांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हं, लावा पूर्वरंग."

बुवा ओसरीवर उभे राहिले. अंगात नुसती बंडी, खांद्यावर उपरणं. मला त्यांनी टाळ दिले. समोर श्रोते म्हणजे अप्पा, दोन शेजारणी आणि चार तपेली. पण बुवांनी त्या दिवशी नामस्मरणावर असा पूर्वरंग केला की मी पाणी विसरलो, पापडखार विसरलो. आवाज अजून पूर्ण मोकळा नव्हता. वरच्या सुरात जरा खरखर होती, आणि त्या खरखरीनं माझं काळीज आणखीच हललं. बुवा शेवटच्या भजनाला आले तेव्हा काकूंनी पदर खोचला आणि पळी घेतली.

पहिलं मानवत. झाकण काढल्याबरोबर वाळ्याचा घमघमाट. "हे वरण आहे की अत्तर?" काकू म्हणाल्या. डाळ बरी शिजली होती, पण तुळशीची पानं काळी होऊन वर तरंगत होती. दुसरं परभणी. दाणा बोटात दाबला तर दबला, पण चाखल्यावर काकूंचं तोंड वाकडं झालं. "तुरटी. कुणाचा उद्योग हा?" मी मान खाली घातली. तिसरं पूर्णा. पळी फिरवली आणि डाळ एकजीव, पिवळीधमक, लोण्यासारखी. काकूंचा चेहरा उजळला.

चौथं सेलू. मी टाळ छातीशी धरून उभा.

काकूंनी पळी घातली आणि तपेल्यात खडखड आवाज आला. दाणा न् दाणा उभा, जणू नुकताच धुऊन घातलेला.

"असं कसं होईल!" माझ्या तोंडून निघून गेलं. "मी चांगला दोन चिमट्या पापडखार..."

एक शेजारीण पदर तोंडाला लावून हसायला लागली. काकू मात्र माझ्याकडं बघत राहिल्या.

"पापडखार? मुंजाजी? पापडखारानं गळ्याला कोरड पडते, त्याच वरणावर हे रोज दोन तास गाणार होते. आणि तू मागं टाळ धरून उभा राहणार होतास."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हे मला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून काय झालं?

तेव्हा अप्पा पुढं आले. "काकू, त्याला बोलायचं त्ये बोला, पण घागरीत पापडखार न्हाई. काल दुपारी चतुराबाईनं मला खिडकीतनं हाक मारली. म्हणाली, अप्पा, पोरानं पाण्यात कायतरी टाकलंय अन् मला तुळस म्हणून सांगायलाय. आमच्या अंगणात तुळसच न्हाई, औंदा वाळली. ती घागर सांडून द्या, घासून नळाचं साधं पाणी भरा. म्या म्हणालो, बाई, मग बुवा न्हाई यायचे सेलूला. तर म्हणाली..." अप्पांनी डोळे पुसले, स्वयंवराच्या वेळी पुसतात तसे. "म्हणाली, न्हाई आले तर न्हाई. पर खोटं पाणी पाजून आणलेलं कीर्तन माझ्या कानात शिरंल का?"

मी तिथंच खाली बसलो.

बुवा ओसरीवरून उतरले. "कोण चतुराबाई? दुसऱ्या खांबाजवळ बसायच्या त्या?"

"हो. माझी माय."

"मधेच 'रामा' म्हणून हुंकार द्यायच्या, त्या?"

"त्याच."

"गेल्या माघात सेलूला सप्ताह केला," बुवा काकूंना म्हणाले. "सात दिवस मी त्या हुंकाराची वाट बघत होतो. कथा रंगते की नाही हे मला त्यावरून कळायचं. आला नाही. मला वाटलं, आपलंच गाणं उतरलं."

"खाटेवर हाय ती दिवाळीपासून," मी म्हणालो. "पर खिडकीतनं ऐकत होती, सातही दिवस. हुंकार बी देत होती. तुमच्यापातूर पोचला न्हाई."

काकूंनी पूर्णेच्या तपेल्यावर झाकण ठेवलं. हळू ठेवलं, आवाज न करता. "मी नियम घातला, तो मोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "पाणी पूर्णेचं उतरलं. मुक्काम पूर्णेला." पण हे म्हणताना त्यांनी बुवांकडं बघितलं नाही.

मग मला आश्रुबा आठवला.

"काकू," मी भीतभीतच म्हणालो, "सकाळची गाडी पूर्णेहून निघती अन् दुपारच्या आत सेलूला येती. इंजनावर आमचा एक वळखीचा हाय. रोज एक घागर..."

"फायरमनच्या हातचं पाणी? सोवळ्यात?"

इथं बुवा बोलले, आणि पूर्वरंगातल्या आवाजातच बोलले. "मनकर्णे, पूर्णा पुढं जाऊन कुणाला मिळते?"

"गोदावरीला."

"म्हणजे ते गंगेला निघालेलं पाणी. आपण वाटेतून परत बोलावलं, एवढंच. काशीची गंगा कावडीतून येते तेव्हा कावडवाल्याला तू विचारतेस का, बाबा, तू कोण?"

"कीर्तनात बोलायला ठीक आहे," काकू म्हणाल्या. पण ओठांच्या कडेला हसू आलं होतं. चुलीतली गोवरी त्यांनी जरा मागं ओढली. "तांब्याची घागर पाहिजे. तोंड कणकेनं लिंपून. कणीक फुटलेली दिसली तर मी त्या पाण्याला हात लावणार नाही. आणि पूर्णेच्या लोकांवर अन्याय नको. गोकुळाष्टमीचे आठ दिवस कीर्तन तिकडं."

"बारा दिवस ठेवा की," अप्पा म्हणाले. कधी नव्हे ते अप्पा स्वतःहून वाढवून द्यायला निघाले होते.

आषाढात बुवा सेलूला आले. रोज गाडी आली की आश्रुबा लांबूनच ओरडायचा, "मुंजाजी, तुमच्या काकूंचं इंजन पाणी मागायलंय का?" आणि लिंपलेली घागर असा जपून द्यायचा, जसं तान्हं मूल. चुडाव्याचा तो गडी, त्यानं बुवांचं कीर्तन उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण श्रावणात एका सोमवारी रजा काढून तो आला आणि मंडपाच्या पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "म्हणलं, आपल्या पाण्याचं काय होतंय ते तर बघावं."

मायची खाट आम्ही खिडकीला आणखी चिकटवली, आणि बुवांनी उभं राहायची जागा बदलली. मंडपाच्या मधोमध नाही, खिडकीच्या बाजूला. देवाकडं थोडी पाठ व्हायची, पण देवानं तक्रार केली नाही. पहिल्याच दिवशी कथेत मायचा "रामा..." ऐकू आला आणि बुवांनी ती ओळ तीनदा घोळवली.

भाद्रपदात एके दिवशी गाडी आलीच नाही. पूर्णेच्या बाजूला कुठं रूळ पाण्याखाली गेला होता. मी रिकाम्या हातानं काकूंकडं गेलो. काकूंनी सेलूच्याच नळाखाली घागर लावली, दुपारीच डाळ भिजत घातली आणि चूल पेटवून बसल्या. बुवा कीर्तनाला उभे राहिले ते उपाशीच. पूर्वरंग झाला, डाळ शिजली नाही. उत्तररंगात अर्धी कथा झाली, तरी नाही. आरती झाली, लोक पांगले, तेव्हा काकूंनी रवीनं घुसळून घुसळून एकदाचं वरण केलं.

बुवा जेवायला बसले. त्यातली एक वाटी काकूंनी स्वतः आणून मायच्या खाटेशी ठेवली. "चतुराबाई, हे तुमच्या नळाचं. बघा, किती छळलं मला."

मायनं चाखलं. डोळे मिटून आणखी एक घोट घेतला.

"काकू, रागावू नका," माय म्हणाली. "ते पूर्णेचं तुमी रोज देताव, ते मऊ हाय, मी कवा नाव ठेवलं न्हाई. पर ह्याला चव हाय."

"चव आहे!" काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "दोन तास फुंकर घालायला तुम्ही या, मग सांगा चव." आणि खाटेच्या कडेला टेकून त्या बसल्या. दुसऱ्या दिवशी गाडी आली की नाही हे बघायला मी स्टेशनावर गेलो, तोवर दोघी बोलतच होत्या.